विश्लेषण : ‘हेल्प’ शब्द येतो, पण इंग्रजीत मदत मागता येत नाही… असे का होते?

‘हेल्प’ हा शब्द मराठी घरात इंग्रजी शिकण्याआधीच आलेला असतो. हेल्पलाइन, हेल्पर, हेल्प डेस्क हे शब्द भाजीवाल्यालाही समजावून सांगावे लागत नाहीत. बँकेच्या खिडकीवर ‘मे आय हेल्प यू?’ ही पाटी कित्येक वर्षांपासून लटकते आहे, तिच्यामागे माणूस असो वा नसो. तरीही परदेशातील विमानतळावर, तिथल्या रुग्णालयात किंवा लंडनमधील वरिष्ठाला ई-मेल लिहिताना मराठी माणूस नेमका याच शब्दापाशी अडखळतो. शब्द माहीत असूनही वाक्य जमत नाही. कधी समोरच्याला काय हवे ते कळत नाही, कधी विनंती हुकमासारखी ऐकू जाते, तर कधी भलताच अर्थ निघतो. अडचण ‘हेल्प’ची नाही, त्याच्या आजूबाजूला बसणाऱ्या शब्दांची आहे.

चूक नेमकी कुठे होते?

मराठीत मदत मागतात, करतात, घेतात, देतात. मदत लागते, मिळते, पोहोचते, होते. ‘मी त्याच्याकडे मदत मागितली’ या वाक्यात ‘मदत’ हे सरळ कर्म आहे, मध्ये काहीही घालावे लागत नाही. म्हणून इंग्रजीत सहज येते, ‘आय आस्क्ड हेल्प’. इंग्रजीला मात्र तिथे ‘फॉर’ लागतो : ‘आय आस्क्ड हिम फॉर हेल्प’. ज्याच्याकडे मागितली तो माणूस आधी, मग ‘फॉर’, मग मदत.

दुसरी चूक ‘मला’ या शब्दातून येते. ‘मला मदत करा’मधील ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन उतरतो आणि वाक्य बनते, ‘प्लीज हेल्प टू मी’. इंग्रजी क्रियापद ‘हेल्प’ थेट माणसाला जाऊन भिडते. ‘हेल्प मी’, ‘हेल्प माय मदर’, मध्ये काही नाही. गंमत अशी, की हाच शब्द नाम म्हणून आला की ‘टू’ चालतो. ‘इट वॉज ऑफ ग्रेट हेल्प टू मी’ हे शुद्ध इंग्रजी आहे. नियम पाठ करणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथेच.

तिसरी गोष्ट मोजण्याची. मराठीत ‘त्याने मला दोन-तीन मदती केल्या’ असे कुणी म्हणत नाही आणि इंग्रजीतही ‘हेल्प’चे अनेकवचन होत नाही. ‘सम हेल्प’, ‘अ बिट ऑफ हेल्प’, ‘अ लॉट ऑफ हेल्प’ असेच म्हणावे लागते. मात्र आभार मानताना ‘यू हॅव बीन अ ग्रेट हेल्प’ असे म्हणतात आणि त्यात ‘अ’ येतो, कारण तिथे तो माणूसच मदत ठरलेला असतो.

शब्दांच्या या सोबतीला काय म्हणतात?

भाषेच्या अभ्यासात याला ‘कोलोकेशन’ म्हणतात. कोणता शब्द कोणाबरोबर बसतो हे तर्काने ठरत नाही, वहिवाटीने ठरते. मराठीत मार खातात, शपथ घेतात, हेलपाटा मारतात. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाने ‘मी हेलपाटा केला’ म्हटले तर अर्थ कळतो, पण कानाला खटकते. ‘टेक हेल्प’ ऐकणाऱ्या इंग्रजाचे तसेच होते.

या विषयाचे पहिले मोठे काम इंग्लंडमध्ये नव्हे, तर जपानमध्ये झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हॅरल्ड पामर हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संस्थेत काम करत होते. त्यांनी १९३३ मध्ये इंग्रजीतील अशा शब्दजोड्यांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोतच निघाला. पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला आणि आज ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभरचे विद्यार्थी वापरतात तो याच कोशाचा वंशज. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला या जोड्या दिसतच नाहीत, त्या श्वासासारख्या असतात. बाहेरून शिकणारा अडखळतो तेव्हाच त्या दिसू लागतात. केवळ शब्दजोड्यांसाठी असलेला ऑक्सफर्डचा स्वतंत्र कोश मात्र २००२ मध्ये आला.

मग ‘टेक हेल्प’ चूक आहे का?

भारतात नाही. ‘टेक हिज हेल्प’, ‘टेक द हेल्प ऑफ’ हे भारतीय इंग्रजीत रुळलेले प्रयोग आहेत. पुण्यातील एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बोलताना त्यावरून कुणाला हसण्याचे कारण नाही. प्रश्न येतो तो समोरचा माणूस भारतीय नसतो तेव्हा. तिथे मदत ‘टेक’ करत नाहीत, ‘गेट’ करतात : ‘आय गॉट सम हेल्प फ्रॉम अ नेबर’. कुणी देऊ केली तर ‘ऑफर’, घेतली तर ‘ॲक्सेप्ट’, नको म्हटले तर ‘टर्न डाऊन’. सरकार किंवा संस्था असेल तर ‘प्रोव्हाइड’. ‘सीक’ हे क्रियापद औपचारिक आहे. औषधाच्या खोक्यातील कागदावर ‘सीक मेडिकल हेल्प’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘ओळखीच्याला विचारा’ असा नसून ‘डॉक्टरकडे जा’ असा आहे. सोबत ‘इमिजिएटली’ असेल तर उद्यावर ढकलू नये.

कशात मदत हवी, हे सांगताना काय होते?

सर्वाधिक घोळ होतो तो इथे आणि त्याची किंमतही इथेच मोजावी लागते. मराठीत ‘कामात मदत’, ‘फॉर्म भरायला मदत’ असे दोन मार्ग आहेत. पहिल्यातून ‘हेल्प इन माय वर्क’ आणि दुसऱ्यातून ‘हेल्प मी फॉर फिलिंग द फॉर्म’ जन्माला येते. रोजच्या इंग्रजीत या ठिकाणी ‘विथ’ बसतो. वस्तू असो, काम असो, अडचण असो : ‘हेल्प मी विथ धिस फॉर्म’, ‘हेल्प विथ द लगेज’, ‘हेल्प विथ द रेंट’. क्रिया सांगायची असेल तर ‘हेल्प मी फिल धिस फॉर्म’ किंवा ‘हेल्प मी टू फिल धिस फॉर्म’, दोन्ही चालतात. चालत नाही ते ‘हेल्प मी फिलिंग’.

एवढे एक ‘विथ’ आत्मसात झाले तरी निम्मे काम होते. कारण त्यानंतर नेमके काय हवे ते बोलावेच लागते. ‘प्लीज हेल्प’ एवढाच विषय लिहून पाठवलेला ई-मेल तीन दिवस कुणी उघडत नाही, त्यामागे द्वेष नसतो. वाचणाऱ्याला त्यातून काहीच करण्यासारखे सापडलेले नसते. ‘काइंडली डू द नीडफुल’चे तेच. ब्रिटिशांच्या जुन्या कारकुनी पत्रव्यवहारातील हा शब्दप्रयोग तिकडे जवळपास विझला, आपल्या कचेऱ्यांत मात्र तो ठणठणीत आहे. मिळणाऱ्याने ‘नीडफुल’ म्हणजे काय ते ओळखायचे, अशी अपेक्षा त्यात असते. त्याऐवजी ‘कुड यू हेल्प मी विथ द लीव्ह फॉर्म बाय फ्रायडे?’ या एका ओळीत काम, कागद आणि मुदत तिन्ही येतात.

यातील ‘कुड’ महत्त्वाचा आहे. मराठीत नम्रता क्रियापदाच्या शेपटीत आणि ‘जरा’सारख्या शब्दांत असते. ‘जरा मदत कराल का?’ यातील ‘जरा’ आणि ‘कराल का’ काढून टाकले की ‘मदत करा’ उरते. इंग्रजीत नेताना बहुतेकदा हेच होते आणि समोर पोहोचते ते ‘यू हेल्प मी’. ‘प्लीज’ चिकटवल्याने तो हुकूम गोड होतो, विनंती होत नाही. ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड हेल्पिंग’ ही इंग्रजीतली ‘जरा’ची जागा आहे. उलट ‘डू मी अ फेवर’ हे व्याकरणाने बरोबर असले तरी स्वर चढला तर ते खोचक लागते. वरिष्ठांसमोर ते न वापरलेलेच बरे.

‘हेल्प’ आहे, पण मदत नाही, असे कधी होते?

बऱ्याचदा. जेवणाच्या टेबलावर यजमान ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणतो तेव्हा ‘तुमचे तुम्ही बघा’ असा त्याचा अर्थ नसतो. ‘संकोच करू नका, हवे ते वाढून घ्या’ असे तो सांगत असतो. आग्रहाची सवय असलेला मराठी पाहुणा कुणी वाढेल म्हणून थांबतो आणि उपाशी उठतो. त्याच टेबलावरील ‘सेकंड हेल्पिंग’ म्हणजे दुसरी मदत नव्हे, दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात.

‘आय कान्ट हेल्प यू’ म्हणजे मी तुला मदत करू शकत नाही. ‘आय कान्ट हेल्प इट’ म्हणजे माझा नाइलाज आहे. आणि ‘आय कुडन्ट हेल्प लाफिंग’ म्हणजे हसू आवरले नाही. तिन्हींत शब्द जवळपास तेच आहेत. तिसऱ्या वाक्याचे भाषांतर ‘मी हसण्यास मदत करू शकलो नाही’ असे करणारी मोबाइलवरील भाषांतरे अजूनही दिसतात.

याहून जपायला हवे ते ‘यू नीड हेल्प’ला. जड पिशवी उचलणाऱ्या शेजाऱ्याला सद्भावनेने ‘यू नीड हेल्प’ म्हटले आणि शेवटी प्रश्नाचा सूर लागला नाही, तर ‘तुझे डोके ठिकाणावर नाही’ असा अर्थ निघू शकतो. इंग्रजीत ‘ही नीड्स हेल्प’, ‘शी शुड गेट हेल्प’ ही वाक्ये व्यसन किंवा मानसिक आजारावरील उपचारांबाबत सर्रास वापरली जातात. काळजीने म्हटले तर ती चांगलीच आहेत, भांडणात म्हटली तर ती शिवी होते. पिशवीसाठी ‘कॅन आय गिव्ह यू अ हँड?’ पुरेसे आहे. आपल्या ‘हातभार’ शब्दात जसा हात आहे, तसाच इथेही आहे. मात्र कार्यक्रमात निवेदकाने ‘गिव्ह हर अ बिग हँड’ म्हटले, तर टाळ्या वाजवायच्या असतात.

‘कॅन आय हेल्प यू?’ याचीही दोन रूपे आहेत. दुकानात त्याचा अर्थ ‘काय दाखवू?’ असा. एखाद्या परक्या इमारतीच्या जिन्यात तेच वाक्य ताठ आवाजात आले, तर ‘तुम्ही इथे कसे?’ असा. आपल्या सोसायटीतील रखवालदार ‘कोण पाहिजे?’ म्हणतो, त्याचा हा इंग्रजी भाऊ.

‘एड’, ‘असिस्टन्स’, ‘सपोर्ट’ वेगळे कसे?

इंग्रजीत ‘हेल्प’ हा मूळचा, घरचा शब्द. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकांत फ्रेंचमधून ‘एड’, ‘असिस्ट’, ‘सपोर्ट’ आले. मराठीतही असेच थर आहेत. ‘मदत’ अरबीतून फारसीमार्गे आली, ‘साहाय्य’ संस्कृत, तर ‘हातभार’ खास आपला. मंत्रालयाच्या कागदावर ‘अर्थसाहाय्य’ असते, शेजारी मात्र मदत करतो किंवा हातभार लावतो. इंग्रजीतही ‘एड’ कागदावर शोभतो : ‘फर्स्ट एड’, ‘फॉरिन एड’, ‘हिअरिंग एड’.

‘लीगल एड’ ही जोडी भारतात तर हक्कच आहे. ‘लीगल हेल्प’ कोणताही वकील पैसे घेऊन देईल. ‘लीगल एड’ म्हणजे १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानुसार पात्र व्यक्तींना मिळणारी मोफत कायदेशीर मदत. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतील व्यक्ती अशांचा त्यात समावेश आहे आणि त्यासाठीचा क्रमांक १५१०० आहे. न्यायालयाच्या आवारात योग्य दार शोधताना शब्दातील हा फरक उपयोगी पडतो.

‘हेल्पर’ हा शब्द मात्र घातक ठरू शकतो. आपल्याकडे मदत करणारा कोणीही हेल्पर. इंग्रजीत बहुधा पगारी माणूस. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या परदेशी महिलांच्या व्हिसाची अधिकृत ओळखच ‘फॉरिन डोमेस्टिक हेल्पर’ अशी आहे.

आई-वडिलांनी विमानतळावर काय बोलावे?

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये जाणाऱ्या मराठी आयांची संख्या कमी नाही. इमिग्रेशनच्या खिडकीवर ‘कशासाठी आलात?’ असे विचारले जाते. ‘मुलीचे बाळंतपण करायला’ याचे शब्दशः इंग्रजी ‘टू डू माय डॉटर्स डिलिव्हरी’ असे झाले, तर समोरचा अधिकारी दचकतो. ‘ॲज अ हेल्पर’ म्हटले तर त्याला नोकरीचा वास येतो आणि पर्यटक व्हिसावर नोकरी करण्यास मनाई असते. पुढचे प्रश्न तिथून सुरू होतात. इथे खोटे बोलण्याचा सल्ला नाही आणि बोलूही नये. जे खरे आहे तेच नीट शब्दांत सांगायचे : ‘आय ॲम व्हिजिटिंग माय डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी.’ किती दिवस राहणार आणि परतीचे तिकीट कधीचे, ही माहिती हाताशी असावी. अधिकाऱ्याने आणखी विचारले तर आजी नातवाला सांभाळते, हे सांगण्यात लपवण्यासारखे काही नाही.

त्याआधीचा टप्पा ‘व्हीलचेअर असिस्टन्स’चा. गुडघे ठीक असूनही अनेक ज्येष्ठ व्हीलचेअर मागतात, कारण भीती चालण्याची नसते, इंग्रजी फलकांची असते. विमान कंपन्यांकडे यासाठी ठरलेले संकेत आहेत. लांब अंतर चालता येत नाही पण जिना चढता येतो, त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचआर’. जिनाही चढता येत नाही, त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचएस’. आसनापर्यंतही उचलूनच न्यावे लागते, त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचसी’. चुकीचा संकेत पडला, तर विमानाच्या पायऱ्यांपाशी पंचाईत होते. आणि ज्यांना खुर्ची नको, फक्त सोबत हवी, त्यांच्यासाठी ‘मीट अँड असिस्ट’ असा वेगळा प्रकार आहे, त्याचा संकेत ‘एमएएएस’. ही सोय सर्वत्र सारखी नसते, काही ठिकाणी तिचे पैसे पडतात. तरी तिकीट काढताना मुलांनी एकदा विचारून पाहावे.

काउंटरवर ‘आय वॉन्ट व्हीलचेअर’ म्हणण्यापेक्षा ‘आय हॅव बुक्ड व्हीलचेअर असिस्टन्स’ म्हणावे. त्यातून नोंद आधीच झाली आहे हे कळते आणि वाद टळतो. गेट सापडत नसेल तर ‘कुड यू हेल्प मी फाइंड माय गेट?’ आणि हातात बोर्डिंग पास. एवढ्यावर बहुतेक माणसे वाट दाखवतात.

‘हेल्प मी विथ द ओटीपी’ म्हणजे काय?

कॉल सेंटरच्या भाषेने या शब्दजोडीला भारतात एक नवे वळण दिले. ‘प्लीज हेल्प मी विथ युअर मोबाइल नंबर’ म्हणजे ‘तुमचा क्रमांक सांगा’. यात मागणारा मदत मागतच नाही, तो माहिती मागतो, फक्त नम्रतेचा मुलामा देऊन. ग्राहकाला ही भाषा इतकी सवयीची झाली, की फसवणूक करणाऱ्यांनी ती जशीच्या तशी उचलली. ‘सर, हेल्प मी विथ द ओटीपी’ असे कुणी फोनवर म्हटले की ती मदतीची विनंती नसते. बँक ओटीपी विचारत नाही. पैसे गेलेच, तर १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लगेच लावावा. तिथे मराठीत नेमके काय झाले, किती वाजता आणि कोणत्या खात्यातून, एवढे सांगितले तरी चालते.

जीव धोक्यात असेल तर?

मराठी माणूस ओरडतो, ‘वाचवा!’. त्याचे थेट इंग्रजी ‘सेव्ह मी!’ होते. इंग्रजीत मात्र बुडणारा किंवा आगीत अडकलेला ‘हेल्प!’ एवढेच ओरडतो. या एका ठिकाणी ‘हेल्प’ला कोणाचीही सोबत लागत नाही.

विमान आणि जहाजांवर तर तोही शब्द नाही. तिथे ‘मेडे’ म्हणतात आणि ते फ्रेंच आहे. १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर रेडिओचे काम पाहणाऱ्या फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो सुचवला, असे मानले जाते. त्या काळी तिथून बरीच विमाने पॅरिसच्या मार्गावर असत. त्यामुळे ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी जुळणारा उच्चार दोन्ही बाजूंना समजण्याजोगा होता. तारयंत्रावरचा ‘एसओएस’ आवाजी रेडिओवर चालत नव्हता, कारण खरखरीत ‘एस’ नीट ऐकू येत नाही. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ‘मेडे’ आंतरराष्ट्रीय झाला. तो सलग तीनदा उच्चारतात. आणि ‘एसओएस’ म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’ हे नंतर चिकटवलेले. मूळ संकेत कशाचाही संक्षेप नव्हता.

जमिनीवर भारतात ११२ आहे आणि तिथे इंग्रजी वाक्य जुळवत बसण्याची गरज नाही. परदेशात अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघात ११२. फोन लागल्यावर आधी ठिकाण सांगावे, मग काय झाले ते. फोन मध्येच तुटला तरी निदान कुठे यायचे ते कळलेले असते. ‘माय हजबंड इज नॉट ब्रीदिंग’ या वाक्यात ‘हेल्प’ नाही, तरी रुग्णवाहिका निघते. इंग्रजी सुचतच नसेल तर ‘मराठी’ एवढा शब्द उच्चारावा. अनेक ठिकाणी फोनवर दुभाषा जोडून देण्याची सोय असते, पण कोणत्या भाषेचा, हे त्यांना आधी कळावे लागते.